भाषाविज्ञानाचा प्राध्यापक व्हायचंय? मग घरची मराठी टाकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.ए. मराठीचं शेवटचं वर्ष, गाव अक्कलकोट तालुक्यात, भाषाविज्ञानात एम.ए. करून पुढे विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं मनात आहे. घरचे विचारतात, याला नोकरी आहे का? विद्यापीठातलं आयुष्य प्रत्यक्षात कसं असतं? आणि शेवटी जरा संकोचून लिहिलंय, ‘आमच्याकडची मराठी अशुद्ध आहे असं कॉलेजात सगळेच म्हणतात. भाषेच्याच विषयात जायचं तर त्याचा तोटा होईल का?’

खरं तर या शेवटच्या ओळीसाठी मी लिहायला बसले. पण नोकरीचं आधी उरकते, कारण घरच्यांची काळजी खोटी नाही.

पदवी कॉलेजांत भाषाविज्ञान जवळजवळ शिकवलंच जात नाही. मराठीच्या बी.ए.ला एखादा पेपर असतो. तुम्ही तो दिला असेल, आणि शिकवणारे सर साहित्याचे असतील. म्हणजे कॉलेजांत आमच्या विषयाची जागा निघत नाही, आणि विद्यापीठांत विभाग मोजके. महाराष्ट्रात पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठाचा कलिन्यातला विभाग ही नावं आधी येतात. बाहेर जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, हैदराबादेत उस्मानिया, इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) आणि हैदराबाद विद्यापीठ, शिवाय कोलकाता. प्रत्येक ठिकाणी मंजूर पदं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, त्यांतली एकदोन नेहमी रिकामी आणि बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या क्रमवारीत, अडकलेली. कोणी निवृत्त होणार असं कळलं की त्या खुर्चीकडे देशभरातून डोळे लागतात.

पायऱ्या तुम्हाला माहीत असतील, तरी सांगते. एम.ए.ला ५५ टक्के. मग यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, नेट ही पात्रता परीक्षा, तिच्यात भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. मग पीएच.डी. सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची नाही असं यूजीसीने २०२३ साली जाहीर केलं. कागदावर ते ठीक आहे, पण विद्यापीठाच्या विभागात पीएच.डी. नसलेला उमेदवार निवडला गेलेला मी तरी पाहिला नाही. पूर्ण वेतनावर रुजू झालात की मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पण त्याआधी तासिका तत्त्वावरची वर्षं येतात. तास घेतले तर पैसे, सुटी लागली की नाहीत, आणि झालेल्या तासांचं बिलही सहा-सहा महिने फिरत राहतं. ही वर्षं दोन असू शकतात, आठही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी सगळ्यात हुशार मुलगा या आठात अडकला आणि शेवटी एका कंपनीत गेला. सुखी आहे, भेटला की अजून बोलीभाषांवरच बोलतो.

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. भाषाविज्ञानाचं एम.ए. कराच, पण मराठीचं एम.ए.ही मुक्त विद्यापीठातून करून ठेवा. एकाच वेळी दोन पदव्या करायला २०२२ पासून परवानगी आहे. मराठीची नेट किंवा सेट (तशीच राज्याची परीक्षा) हातात असली की कॉलेजांची दारं उघडी राहतात. मराठीच्या विभागात नोकरी आणि काम भाषाविज्ञानाचं, असं करणारे कितीतरी चांगले लोक आहेत. हा दुय्यम मार्ग समजू नका.

आता आयुष्य कसं असतं ते. आधी शब्दांचाच घोळ. आपल्याकडे कॉलेजात शिकवणाऱ्या कोणालाही प्राध्यापक म्हणतात. मी रुजू झाले तेव्हा अधिव्याख्याता, मग प्रपाठक, मग प्राध्यापक अशी पदं होती. आता सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक. नियमाने सहायकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, वरच्या दोघांना १४. ऐकायला चैन वाटते. पण त्या तासांच्या मागेपुढे प्रश्नपत्रिका काढणं, तपासणं, मॉडरेशन, प्रबंध वाचणं, अभ्यास मंडळ, प्रवेश समिती, आणि नॅक, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन. नॅकची समिती येणार असली की वर्षभर माणूस फायलींत असतो. पुढच्या पदाला लागणाऱ्या गुणांचे तक्ते आपणच भरायचे, सोबत पुरावे जोडायचे. एका वर्षी मी माझ्याच व्याख्यानाला हजर होते याचं प्रमाणपत्र मागायला दुसऱ्या कॉलेजात गेले होते.

आणि बाहेरच्या जगाचे दोनच प्रश्न. एक, ‘तुम्हाला किती भाषा येतात?’ दुसरा, ‘हे ऱ्हस्व की दीर्घ?’ पहिल्याचं उत्तर साडेतीन असं मी देते. दुसऱ्याला नवऱ्याकडे बोट दाखवते, ते मुद्रितशोधक होते. बहुभाषिक असणं आणि भाषाविज्ञान येणं यांचा संबंध पोहता येणं आणि पाण्याचा अभ्यास असणं इतकाच. आम्ही भाषेची रचना पाहतो: ध्वनी कुठून निघतो, शब्द कसा घडतो, वाक्यात कोण कोणाशी जुळतं, आणि हे सगळं माणसागणिक, गावागणिक, पिढीगणिक कसं बदलतं.

माझी गोष्ट सांगते, त्यात तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येईल.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मी पीएच.डी.ला लागले, तेव्हा अमेरिकन भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांच्या ‘गव्हर्नमेंट अँड बाइंडिंग’ या वाक्यरचनेच्या मांडणीची हवा होती. १९८१ सालचं ते पुस्तक आम्ही पोथीसारखं वाचत असू. विषय घेतला मराठीतला भूतकाळ. ‘तो गेला’, ‘ती गेली’ यांत क्रियापद कर्त्याशी जुळतं. ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘त्याने भाकरी खाल्ली’ यांत कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद आंब्याशी, भाकरीशी जुळतं. शाळेतला कर्मणी प्रयोग. पण ‘मी आंबा खाल्ला’ म्हणताना ‘मी’ला काहीच लागत नाही, आणि ‘तू भाकरी खाल्लीस’ म्हणताना क्रियापद एकीकडे भाकरीचं स्त्रीलिंग धरतं, दुसरीकडे शेवटचा ‘स’ तुमच्यासाठी ठेवतं. एकच क्रियापद दोघांची मर्जी राखतं! या एका ‘स’वर मी दोन वर्षं घालवली.

तीन प्रकरणं सिद्धांताची लिहिली, आकृत्यांची झाडंच्या झाडं काढली. प्रबंध मान्य झाला, नोकरीही लागली. मग १९९५ मध्ये चॉम्स्की यांचंच ‘मिनिमलिस्ट प्रोग्रॅम’ आलं आणि ज्या पायावर माझी झाडं उभी होती तो पायच त्यांनी बाजूला काढला. ती तीन प्रकरणं आज मलाही वाचवत नाहीत. पण शेवटी एक परिशिष्ट होतं, निरनिराळ्या बोलणाऱ्यांकडून मिळवलेल्या साडेचारशे वाक्यांचं, कोण कुठलं, वय काय, काय म्हणालं. मार्गदर्शकांनी आग्रह धरला म्हणून जोडलेलं. गेल्या तीस वर्षांत त्या प्रबंधाबद्दल मला जी पत्रं आली, ती जवळजवळ सगळी या परिशिष्टाबद्दल.

आणि या परिशिष्टातही एक मोठं भोक होतं. ते कळलं तुमच्याच भागात.

१९९४ च्या उन्हाळ्यात मी अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात गेले. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालणारं कुटुंब. घरचे काका साठीचे, चौथीपर्यंत शिकलेले, बोलायला उत्साही. माझ्याकडे कॅसेट रेकॉर्डर आणि टाइप केलेली वाक्यांची यादी. मी विचारायची, ‘मी काम केलं, हे तुमच्याकडे कसं म्हणता?’ काका पाठ ताठ करून, घसा साफ करून म्हणायचे, ‘मी काम केले.’ केलं सुद्धा नाही, केले. बालभारतीतल्यासारखं. ‘मी भाकरी खाल्ली.’ ‘आम्ही विहीर खणली.’ दोन तास असंच. मी मनात म्हटलं, इथे काही वेगळं नाही, पुण्याचंच आहे. कॅसेट संपली. मी वायरी गुंडाळायला लागले. तेवढ्यात शेजारचे कोणी दारात आले, ‘जेवलास का रे?’ आणि काका सहज म्हणाले, ‘मघाशीच जेवण केलो की. ह्या बाईंना बी दोन तास उत्तरं दिलो.’

मी वायर हातात धरून तशीच उभी. ‘काका, आत्ता काय म्हणालात?’ ते ओशाळले. ‘ते आपलं गावठी हो. तुमच्या कामाचं नाही.’

त्या दोन तासांच्या कॅसेटमध्ये कामाचं एकही वाक्य नव्हतं. रेकॉर्डर बंद झाल्यावरची दोन वाक्यंच तेवढी कामाची होती.

बघा काय झालं होतं. पुण्यात ‘मी उत्तरं दिली’. ‘दिली’ हे उत्तरांशी जुळतं. काकांच्या ‘दिलो’चा उत्तरांशी संबंध नाही, ते ‘मी’शी जुळतं, ‘मी गेलो’ मधल्या ‘गेलो’सारखं. म्हणजे त्यांच्या मराठीत शाळेतला कर्मणी प्रयोग या ठिकाणी सुटला आहे, क्रियापद सरळ कर्त्याला धरून आहे. आता त्याच घरातली कानडी घ्या: ‘नानु ऊट माडिदे’. नानु म्हणजे मी, ऊट म्हणजे जेवण, माडिदे म्हणजे केलो. शब्दाला शब्द ठेवा. कानडीत भूतकाळातही क्रियापद कर्त्याशीच जुळतं, तिथे कर्मणीची भानगडच नाही. पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषा एकाच तोंडात नांदल्या की एकीची घडी दुसरीवर उमटते. हे गचाळपणाने होत नाही, नियमाने होतं. तुमच्या कॉलेजात ज्याला अशुद्ध म्हणतात त्याची ही हकीकत.

हा शोध माझा नव्हे, हेही सांगायला हवं. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावावरचा गंपर्झ आणि विल्सन यांचा १९७१ चा लेख जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवला जातो. एकाच गावात मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी घरं, आणि रोजच्या व्यवहारातून त्यांची व्याकरणं इतकी जवळ आलेली की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवला की दुसरीतलं वाक्य तयार होतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे चाळीसेक वर्षांनी पुण्याच्या संशोधकांनी तिथे पुन्हा जाऊन पाहिलं तर चित्र तितकं नेमकं राहिलं नव्हतं, शाळा आणि प्रमाण मराठीचा भार वाढला होता. परदेशातल्या वर्गात कुपवाडचं नाव निघालं की माझी एक विद्यार्थिनी सांगते, ‘बाई, मी मिरजेची, पण हे गाव कशासाठी प्रसिद्ध आहे ते मला शिकागोत कळलं.’

काकांनी ताठ बसून जे केलं तेही जुनंच आहे. ग्रिअर्सन यांनी भारताच्या भाषांची पाहणी केली, तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ चा. त्यांची पद्धत अशी की बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायची आणि तिथल्या अधिकाऱ्यांकरवी स्थानिक बोलीत उतरवून घ्यायची. आता विचार करा, कचेरीतून हुकूम आल्यावर लिहिणारा कारकून किंवा मास्तर स्वतःची ‘गावठी’ कितपत उतरवील? तरीही आजसुद्धा एखाद्या बोलीवर काम सुरू करताना आम्ही पहिल्यांदा तोच खंड काढतो. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा १९२० चा फ्रेंच ग्रंथही तसाच. त्यांचे काही निष्कर्ष पुढे खोडले गेले, पण गोळा केलेलं साहित्य अजून उपयोगी पडतं. १९६० च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी बोलींच्या पाहणीचे खंड काढले. त्यात दक्षिण कानडा जिल्ह्यातली कोंकणी आहे, कुडाळी आहे. आणि अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मिळून केलेली मराठी बोलींची पाहणी तर ऑनलाइन ऐकायलाच मिळते. तुमच्या जिल्ह्याचं तिथे काय आहे ते एकदा ऐका, आणि कुठे ‘आमच्याकडे असं नाही म्हणत’ असं वाटलं तर ते वहीत लिहून ठेवा. तिथूनच प्रबंधाचा विषय निघतो.

उदाहरणार्थ, मला अजून नीट माहिती हवी आहे अशा गोष्टी: ‘केलो’ तुमच्या गावात फक्त ‘मी’बरोबर येतं की तिसऱ्या पुरुषातही असं काही होतं? ‘तो काम केला’ म्हणतात की ‘त्यानं काम केला’? तुमची आई काय म्हणते, ‘केलो’ की ‘मी गेले’ मधल्यासारखं ‘केले’? कानडी न येणाऱ्या घरातही हेच आहे का? सोलापूरला शिकून आलेला भाऊ घरी एक आणि मित्रांत दुसरं बोलतो का? या प्रश्नांवर एक माणूस दहा वर्षं सहज काम करू शकतो. आणि ते पुण्यात वाढलेल्या माझ्यासारखीपेक्षा तुम्ही पटीने चांगलं कराल, कारण तुमच्यासमोर कोणी पाठ ताठ करून बसणार नाही.

मुलाखतीला मात्र प्रमाण मराठीत बोला. त्यात लाज नाही. परिस्थिती पाहून भाषा बदलणं हेही सगळ्यांनाच करावं लागतं, काकांनीही तेच केलं. एखाद्या समितीत कोणीतरी नाक मुरडणारा भेटतोच, तेवढ्यापुरतं सांभाळायचं. पण घरची जीभ विसरू नका. मी असे विद्यार्थी पाहिलेत ज्यांनी एम.ए.च्या दोन वर्षांत स्वतःची बोली घासून पुसून टाकली, आणि मग पीएच.डी.साठी त्याच बोलीचे ‘माहीतगार’ शोधत फिरले.

शिकवण्याचं सुख वेगळंच आहे, त्याबद्दल थोडं. पहिल्या सत्रात मी फळ्यावर ‘जग’ लिहायची आणि दोघांना वाचायला सांगायची. एक वाचतो ‘जग’, जगाच्या पाठीवर मधला. दुसरा वाचतो ‘जग’, शंभर वर्षं जग मधला. वर्गात शांतता, मग हशा. अक्षर एक, ध्वनी दोन: एक तालव्य, जीभ टाळूला लागणारी, दुसरा दंततालव्य, जीभ दातांमागे. ‘चार’ आंबे आणि गुरांना ‘चार’ हेही तसंच. वीस वर्षं मराठी लिहिणाऱ्या मुलांना तोवर हे कोणी सांगितलेलं नसतं. मग संगणकावर ‘प्रात’ नावाची फुकट मिळणारी प्रणाली उघडायची, दोन्ही उच्चार ध्वनिमुद्रित करायचे, आणि पडद्यावर दाखवायचं की दंततालव्य ‘ज’चा घर्षणाचा भाग वरच्या पट्टीत सरकलाय. तेवढ्यात अकोल्याची मुलगी म्हणते, आमच्या आजीच्या बोलण्यात ‘ळ’च नाही, ती डोळ्याला ‘डोया’ म्हणते. नंदुरबारचा मुलगा विचारतो, अहिराणी ही मराठीची बोली की वेगळी भाषा? मी सांगायची, २०११ च्या जनगणनेत खानदेशी, जिच्यात अहिराणी धरली जाते, स्वतंत्र मोजली आहे, साडेअठरा लाखांवर बोलणारे आहेत. ग्रिअर्सन यांनीही तिला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांबरोबर ठेवलं होतं. पण भाषा की बोली हा प्रश्न व्याकरणाने सुटत नाही, तो बोलणाऱ्यांच्या मनाचा आणि सरकारदरबारचा आहे. कोंकणी ही मराठीची बोली की वेगळी भाषा, या वादात आमच्या शास्त्रातली कितीतरी विद्वान माणसं उतरली, आणि तिथल्या भांडणात व्याकरणाला किती कमी विचारतात हे सगळ्यांनी पाहिलं.

त्याच जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावं सांगितली होती. छाननी करून, गट पाडून अखेर यादीत १२१ भाषा उरल्या. या दोन आकड्यांच्या मधे जे आहे ते भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकाचं शेत. महाराष्ट्रातच मेळघाटात कोरकू आहे, ती मराठीच्या कुळातलीच नाही, तिचं नातं झारखंडकडच्या मुंडारी-संथाळीशी. यवतमाळकडे कोलामी, द्राविडी कुळातली. बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात निहाली, जिचं कुळ अजून कोणालाच लावता आलेलं नाही आणि बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. मराठीच करायला हवी असं नाही. पण जी कोणती घ्याल तिच्यासोबत वीस वर्षं राहायची तयारी ठेवा. दर दोन वर्षांनी भाषा बदलणारे आणि दर पाच वर्षांनी सिद्धांत बदलणारे मी पाहिले, त्यांच्या नावावर लेख बरेच असतात. बाकी फारसं नसतं.

एक जखम आहे, तीही सांगून टाकते. आमच्या विभागात मागच्या दोन पिढ्यांनी भरलेल्या कॅसेट आणि त्याआधीच्या मोठ्या फितींच्या चकत्या, अशी दोन कपाटं होती. त्यात माझ्या अक्कलकोटच्याही होत्या. मी आजारपणाच्या रजेवर असताना कुठलीशी पाहणी समिती येणार म्हणून खोली रंगवायला काढली. कपाटं हलवायची होती, आतला ‘जुना माल’ कोणी विचारला नाही, जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंदही नव्हती. मी परत आले तेव्हा भिंती फिकट पिवळ्या होत्या आणि कपाटांच्या जागी कुंड्या. कोणी वाईट नव्हतं हो, शिपाई बिचारा माझ्यासाठी एक रिकामी कॅसेटची डबी आठवण म्हणून जपून ठेवून बसला होता. चूक माझीही. प्रत काढून घरी ठेवायला मला दहा वर्षं होती. तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती, तीन ठिकाणी, आणि प्रत्येकीसोबत कोण, कुठे, कधी, परवानगी घेतली का, याचा कागद. विद्यापीठाच्या भरवशावर ठेवू नका, स्वतःच्या लॅपटॉपच्याही नको.

लेखनाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. पदोन्नतीसाठी इंग्रजीतले, नामांकित नियतकालिकांतले लेख लागतात, ते लिहावेच लागतात. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीला किमान सात, प्राध्यापकाला दहा. पण मराठीत लिहिलेलं कोणी मोजत नाही म्हणून मराठीत लिहायचंच नाही, हे मला मान्य नाही. अशोक केळकर १९५८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर पीएच.डी. करून आले, जगाच्या कुठल्याही विभागात चालतील असे शोधनिबंध त्यांनी इंग्रजीत लिहिले. २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो मात्र ‘रुजुवात’ या मराठी पुस्तकाला. ना. गो. कालेलकर पॅरिसला शिकले आणि परतल्यावर भाषेवर असं मराठी लिहिलं की वाचताना विषय अवघड आहे हे लक्षातच येत नाही, त्यांच्याही मराठी पुस्तकाला अकादमीचा पुरस्कार आहे. मराठी परिभाषा आज वर्गात वापरली की मुलांचे चेहरे उघडतात. ‘मॉर्फीम’ (शब्दाचा अर्थ असलेला लहानात लहान तुकडा) पाठ करणाऱ्याला ‘रूपिका’ म्हटलं की ‘रूप’ आधीच माहीत असतं, अर्धं काम झालेलं असतं.

प्राध्यापक नाही झालात तर? विषय वाया जात नाही. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था आहे, १९६९ पासून. जनगणनेचा भाषा विभाग कोलकात्यात आहे. वाचा-श्रवणाच्या क्षेत्रात मुंबईची अली यावर जंग संस्था आहे, पण तिथे वेगळी पदवी लागते. आणि आता सर्वांत जास्त माणसं घेणारं क्षेत्र म्हणजे यंत्रभाषांतर आणि वाचाओळख. कंपन्यांना, ‘भाषिणी’सारख्या सरकारी उपक्रमांना भारतीय भाषांतली तपासलेली सामग्री हवी असते. त्यासाठी थोडं पायथन, म्हणजे संगणकाला सूचना लिहायची भाषा, शिका, महिनाभराचं काम आहे. आमच्या पिढीने ते केलं नाही, आणि आम्ही विद्यार्थ्यांकडून फायली उघडून घेत राहिलो. यंत्राला ‘जेवण केलो’ अजून चुकीचं वाटतं, कारण त्याला कोणी ते पुरेसं ऐकवलेलंच नाही.

प्रवेश घ्यायच्या आधी एक करून पाहा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला बोलतं करा. वाक्यांची यादी नको. दुष्काळ कसा काढला, लग्नाचं वऱ्हाड कसं गेलं, असलं काहीतरी विचारा आणि फोनवर वीस मिनिटं मुद्रित करा. मग त्यातलं एक मिनिट कागदावर उतरवा, तोंडातून निघालं तसंच. ‘केलो’ला ‘केलं’ करायचं नाही, अडखळणं गाळायचं नाही, मधे घातलेला कानडी शब्द सोडायचा नाही. एका मिनिटाला पहिल्यांदा तासभर लागेल, कदाचित दोन. एकच वाक्य तिसाव्यांदा ऐकताना कंटाळा आला तर मराठीच्या एम.ए.ला जा, साहित्यही मोठं आहे. तिसाव्यांदा ऐकताना तोवर न ऐकलेलं काही सापडलं, तर डेक्कन कॉलेजच्या प्रवेशाची जाहिरात साधारण उन्हाळ्यात येते, नजर ठेवा.

आणि आजी असतील तर मुद्रण करतोय हे त्यांना आधी सांगा, परवानगी घ्या. पहिली पाच मिनिटं त्या ताठ बसतील. चहा येऊ द्या, फोन चालू राहू द्या.